पाठीखालचा पौष

पौषात रतनवाडीला मुक्काम करायचा तर ओसरी आणि घोंगडी एवढं पुरतं. पण माझ्या मेहुण्याला ओसरी पसंत नव्हती. त्यानं हॅमॉक आणला होता. यजमान मामांच्या खळ्याशेजारी दोन आंबे होते; त्यांची साल सोलू नये म्हणून आधी रुंद पट्टे गुंडाळले, मग दोरीचा कोन ३० अंश आहे की नाही ते मोबाइलवर मोजलं. मामा बिडी ओढत बघत होते. "झोळी लई मोठी हाय," एवढंच म्हणाले.

ही चीज मूळची कॅरिबियन बेटांकडची. १४९२ साली कोलंबसाच्या लोकांनी ती तिकडे पाहिली आणि पुढे ती जहाजांवर गेली. त्या उकाड्यात पाठीखालून वारा खेळतो, हीच तिची चैन. जानेवारीत रतनगडाच्या पायथ्याशी तो वारा काय करील, याचा विचार बेटावरच्यांनी करायचं कारण नव्हतं. मेहुण्याला होतं.

"दाजी, उणे ५ ची स्लीपिंग बॅग आहे," असं तो जेवताना भाकरीगणिक सांगत होता.

दहाच्या सुमारास हाक आली. पोट गरम होतं, छाती गरम होती, पाठ मात्र आपली नाहीच असं त्याला वाटत होतं. यात बॅगेचा दोष नव्हता. ऊब पिसांची नसते. पिसं फुगून जी हवा अडवून धरतात, तिची असते. ८४ किलोंचा मेहुणा वर पडला की खालची पिसं चपटी आणि हवा पसार. तंबूत निदान जमीन असते. गार असली तरी ती जागची हलत नाही. इथे नायलॉनच्या पापुद्र्याखालून प्रवरेच्या खोऱ्यातला वारा रात्रभर ये-जा करणार आणि दर खेपेला थोडा थोडा मेहुणा घेऊन जाणार.

आत फोमची चटई घालून पाहिली. हॅमॉकमध्ये पाठ सपाट राहावी म्हणून तिरकं झोपतात. हे चटईला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं कूस बदलली की ती निसटून पोटावर यायची. जागेवर राहिलीच तर दोन्ही खांदे तिच्या बाहेर, आणि कापड नेमकं खांद्यांनाच आवळलेलं.

यावर खरा उपाय आहे. हॅमॉकच्या खाली, बाहेरून टांगायची रजई मिळते. तिला अंडरक्विल्ट म्हणतात. तिच्यावर वजन पडत नाही, म्हणून ती फुगलेली राहते. दुकानात मेहुण्यानं ती हातात घेतली होती, किंमत वाचली होती आणि "खालून कोण बघतंय?" म्हणून परत ठेवली होती.

गलक्यानं मामी उठल्या. "वरून किती घालाल? खालून बांधा की," म्हणाल्या आणि आतून जुनी गोधडी घेऊन आल्या. चारी टोकांना काथ्या बांधून ती झोळीखाली टांगली. मेहुणा म्हणे, घट्ट करा. पण घट्ट केली की ती चपटी, सैल सोडली की मधून वारा. मामींनी आत हात घालून पाहिलं आणि नुसती पाठीला टेकेपर्यंत दोन वेळा दोर सोडायला लावला. मग मधल्या जागेत भाताचा पेंढा सैलसर भरला. भाताची काडी पोकळ असते; हवा अडवायचं काम ती निमूटपणे करते, वर किंमतीचं लेबल नाही. वाऱ्याच्या अंगाला घोंगडी अडकवली. थोड्या वेळानं मेहुणा घोरायला लागला. त्याच्या घोरण्यानं आम्ही तिघं जागे.

पहाटे किंकाळी आली. "दाजी, बिबट्या! खाली बिबट्या आहे!"

तो सगळा भाग बिबट्यांचाच, त्यामुळे मी बॅटरी घेऊन ओसरीच्या कडेपर्यंतच गेलो. उजेडात मामांची तांबडी गाय दिसली. कडेनं लोंबणाऱ्या काड्या संपवून तिनं आता थेट गोधडीत तोंड घातलं होतं आणि मेहुण्याच्या पाठीखालची ऊब घासाघासानं ओढून खात होती.

"हलू नका, पावणं," मामा अंथरुणातूनच म्हणाले. "गाभण हाय ती. खाऊ द्या."