अकरा जागा, तेरा माणसं

नागपूरच्या लकडगंजात आरामशीन सुरू व्हायच्या आधीच भारताचा सार्वकालिक क्रिकेट संघ जाहीर झालेला असतो. दुपारच्या जेवणापर्यंत त्यात दोन बदल होतात आणि रात्री शटर पडताना कर्णधार सोडून कोणाचीच जागा पक्की उरत नाही.

संघ जाहीर करणारा गृहस्थ सत्तरीकडे झुकलेला असतो. लाकडाची टाल आजोबांनी टाकली, बापानं वाढवली आणि यानं ती वेळीच मुलाच्या गळ्यात मारून स्वतःला राष्ट्रीय कार्यासाठी मोकळं करून घेतलं. बैठक समोरच्या तर्री-पोहेवाल्याच्या बाकड्यावर. कानावर सुताराची चपटी पेन्सिल, हातात कच्च्या बिलाचं पुस्तक. पुढच्या बाजूला घनफुटाचा हिशेब, मागच्या बाजूला संघ. चौकटीच्या सागवानाचं बिल घेऊन घरी गेलेल्या गिऱ्हाइकाला पाठीमागं विजय हजारे खोडलेले सापडतात आणि तो बिचारा लाकूड परत करायचं की काय म्हणून फोन करतो. नाव काही असो, वस्ती त्याला ‘सिलेक्टर’ म्हणते. ‘का सिलेक्टर, आज कोन बाहेर?’ हा लकडगंजातला नमस्कार आहे.

हा प्राणी फक्त नागपुरातच होतो असं नाही. दादरलाही तो असतो, पण त्याचं काम फार सोपं आहे. मुंबईचा सार्वकालिक संघ करायचा, त्यात कपिलदेव आणि धोनी घालायचे, झाला भारताचा. पुणेकर सिलेक्टर प्रा. दि. ब. देवधरांपासून सुरुवात करतो. देवधर एकही कसोटी खेळले नाहीत ही त्यांची नव्हे, कसोटीची उणीव, असं तो मानतो. लकडगंजच्या सिलेक्टरचं दुखणं या दोघांपेक्षा खोल आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या मोसमापासून रणजी खेळतोय आणि या संघातून पहिला कसोटीपटू निघाला तो नोव्हेंबर २०११ मध्ये, उमेश यादव. मधली चोपन्न वर्षं राष्ट्रीय निवडसमितीनं या प्रांताकडं ढुंकून पाहिलं नाही. प्रशांत वैद्यला चार एकदिवसीय सामने मिळाले, तेवढाच काय तो प्रसाद. इतकी वर्षं ज्या गावाला कोणी निवडलं नाही, त्या गावानं घरोघरी निवडसमिती काढली यात नवल कसलं?

“नव्या संसदेत आपलं सागवान चालते,” सिलेक्टर पोह्यावर तर्री ओतत विचारतो, “अन् टीममंदी आपला मानूस नाही चालत? कायले नाही चालत?”

याला उत्तर नाही. संसद भवनाचं सागवान खरोखरच नागपूरहून गेलं आहे.

संघनिवड सलामीपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथंच थांबते. सुनील गावसकर पक्के. पण सिलेक्टरचं कारण वेगळं आहे. १०,१२२ धावा आणि ३४ शतकं ही कारणं त्याच्या मते मुंबईकरांसाठी. त्याचं कारण ३१ ऑक्टोबर १९८७. त्या दिवशी सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध गावसकरांनी अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. त्यांचं एकदिवसीय सामन्यातलं हे एकमेव शतक. “पुऱ्या दुनियेत फिरला, पण माराले इथंच यावं लागलं,” हे सिलेक्टर अशा सुरात सांगतो की शतकाची वीट त्यानंच रचली असावी. त्याच सामन्यात चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली. रुदरफर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघांच्याही दांड्या उडाल्या. हाच चेतन शर्मा २०२० मध्ये राष्ट्रीय निवडसमितीचा अध्यक्ष झाला तेव्हा सिलेक्टरला अजिबात आश्चर्य वाटलं नाही; त्या मैदानाच्या मातीतच निवडीचा गुण आहे, असं तो म्हणाला. त्या दिवशी आपण मैदानात होतो असं सांगणारे लकडगंजातले सगळे लोक खरे धरले, तर न्यूझीलंडच्या अकरा जणांना उभं राहायला जागा उरली नसती.

गावसकरांच्या जोडीला कोण, यावर मात्र रक्तपात होतो. जुन्या पक्षाचे विजय मर्चंट, मधल्यांचे विनू मंकड, पोट्ट्यांचा सेहवाग.

“मर्चंट कोनी पाहिला बे? तुह्या बापानं तरी पाहिला का?”

“पाहाले कायले लागते? सरासरी वाच. एकाहत्तर पूर्णांक चौसष्ट. प्रथम श्रेणीत ब्रॅडमनच्या खाली हाच.”

“अन् टेस्ट कितीक? दहा!”

“मंग लढाई त्यानं लावली होती का?”

इथं सेहवागवाला पोट्टा मुलतानचे ३०९ आणि चेन्नईचे ३१९ मोबाइलवर दाखवतो. मोबाइल हा सिलेक्टरचा जन्मवैरी. पूर्वी एखाद्या आकड्यावर वाद झाला की आठवडाभर पुरायचा. कोणीतरी घरच्या ट्रंकेतून ‘तरुण भारत’ची कात्रणं किंवा ‘एकच षट्कार’चे जुने अंक शोधून आणायचा, तोवर दोन्ही पक्ष सन्मानानं जगत. आता पोट्टा अंगठा फिरवतो आणि पाव मिनिटात माणूस सर्वांसमोर खोटा ठरतो. यावर सिलेक्टरनं काढलेला तोडगा मला तरी बिनतोड वाटतो: “आकडा बरोबर हाय, पन पीच कोनती होती थे मोबाइलात नाही.”

मर्चंटांवर त्याची भक्ती आहे ती फलंदाजीसाठी नव्हेच. १९७१ मध्ये निवडसमितीचे अध्यक्ष असताना त्यांनी निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कर्णधार केलं आणि तो संघ वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकून आला. त्या वर्षी सिलेक्टर शाळेत होता, ट्रान्झिस्टरला कान लावून. तेव्हापासून बाकड्यावर तीन जण असोत की सात, निर्णायक मत त्याचंच. सम-विषम संख्येचा नियम त्याला लागू नाही. एकदा तो एकटाच बसलेला होता, तेव्हाही त्यानं ते वापरलं.

मधल्या फळीत तेंडुलकर निमूटपणे जातात. द्रविडही जातो, कसोटीत ३१ हजारांहून जास्त चेंडू खेळलेल्या माणसाला काढायचं तर तेवढा वेळ कोणाकडे आहे? खरी मारामारी कोहली आणि हजारे यांच्यात. १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघासमोर हजाऱ्यांनी एकाच सामन्यात ११६ आणि १४५ काढल्या. सिलेक्टर सांगलीच्या या माणसाला सकाळी घेतो, संध्याकाळी काढतो आणि काढल्याबद्दल रात्री झोपेत तळमळतो, अशी घरची तक्रार आहे.

गांगुलीचं नाव निघालं की बाकड्यावर शांतता पसरते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या नागपूर कसोटीत खेळपट्टीवर गवत होतं आणि सामन्याच्या सकाळी कर्णधार गांगुली दुखापतीमुळे बाहेर बसला. भारत ३४२ धावांनी हरला, ऑस्ट्रेलिया पस्तीस वर्षांनी इथं मालिका जिंकली आणि वीस वर्षं झाली तरी दोष आमच्या गवताला. २००८ मध्ये त्याच गांगुलीनं नागपूरजवळच्या जामठ्याला शेवटची कसोटी खेळली, पहिल्या डावात ८५ आणि दुसऱ्यात पहिल्याच चेंडूवर बाद. सिलेक्टर तेव्हा उभा राहून टाळ्या वाजवत होता. पण संघात घेणार नाही. “मानूस चांगला हाय. पन गवत आठवते.”

अष्टपैलू जागांवर वाद होत नाही, म्हणून तिथं कोणी थांबत नाही. कपिलदेव, आणि मंकड. लॉर्ड्सवर १९५२ मध्ये मंकडांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, वर एका डावात ७३ षटकं टाकली. एवढं काम एका मजुराकडून करून घेतलं तर लेबर ऑफिसर येईल, असं टालीवरचा मुनीम म्हणतो. यष्टीमागे धोनी, किरमाणींचं नाव काढणारा एक जण होता, तो आता वर्धमाननगरला राहायला गेला.

फिरकीला मात्र पुन्हा घोळ. कुंबळेचे ६१९ बळी, अश्विनचे ५३७, शिवाय बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि सुभाष गुप्ते. अश्विननं २०१५ मध्ये जामठ्याला दक्षिण आफ्रिकेचे बारा बळी घेतले, पाहुणे एका डावात ७९ वर गारद झाले आणि आयसीसीनं खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला. हिरवी केली तरी आम्ही चुकलो, कोरडी केली तरी आम्हीच! याच रागात अश्विन आत गेला. मग कोणीतरी पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल यांची आठवण काढतो. गोयलांचे रणजीत ६३७ बळी, शिवलकर त्याच तोडीचे, आणि बेदी असल्यामुळे दोघांनाही एक कसोटी मिळाली नाही. या दोघांच्या वेळी सिलेक्टरचा आवाज खाली येतो. न निवडलेल्या माणसाचं त्याला फार लागतं. त्यांची नावं तो यादीत घालत नाही, पण समासात लिहितो.

वेगवान गोलंदाजीत बुमराह येतो. त्याच्यासोबत १९३२ च्या पहिल्याच कसोटीत इंग्लंडची ३ बाद १९ अशी दाणादाण उडवणारे निस्सार आणि अमरसिंग येऊ बघतात, आणि तेवढ्यात पेन्सिल आपोआप एक नाव लिहिते: उमेश यादव, खापरखेडा. जागा नसते. तरीही लिहिते. “बारावा म्हून ठेवला,” सिलेक्टर म्हणतो. बारावा माणूस टेस्ट खेळत नाही, असं पोट्टा सांगतो. “पानी तं नेते नं?”

आणि मग कर्णधार. कोट्टरी कनकय्या नायडू, जन्म नागपूर, ३१ ऑक्टोबर १८९५. तारीख पुन्हा वाचावी. गावसकरांचं शतक त्यांच्याच वाढदिवशी लागलं. १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३, लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व, दुखऱ्या हातानं पहिल्या डावातल्या सर्वाधिक ४० धावा. पोट्टा मोबाइल काढतो. सात कसोटी, ३५० धावा, सरासरी २५. सिलेक्टर कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवतो. आकड्यांवर वाद घालणारा हा माणूस इथं आकडे ऐकतच नाही.

सी. के. नायडूंवर इंदूरचाही दावा आहे, तोही खोटा म्हणता येत नाही. होळकर महाराजांनी १९२३ मध्ये नायडूंना तिकडं बोलावून घेतलं, ते इंदूरचे झाले, होळकर संघाला रणजी करंडक मिळवून देत राहिले आणि तिथंच वारले. लाकडाच्या धंद्यानिमित्त येणारा एक इंदुरी व्यापारी हे दरवेळी ऐकवायचा. १ जानेवारी २०१८ ला विदर्भानं दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, फैज फजलच्या नेतृत्वाखाली, रजनीश गुरबानीच्या हॅटट्रिकसह. तेव्हापासून हिशेब मिटला. “तुमी आमचा सी. के. नेला, आमी तुमच्या घरून कप आनला.” पुढं २०१९ मध्ये आणि २०२५ मध्ये विदर्भ पुन्हा जिंकला, दोन्ही वेळा नागपुरातच. आता फैज फजलचं नावही समासात आलंय. भारतासाठी तो एकच सामना खेळला, हरारेत, आणि त्यात नाबाद ५५ केल्या. या हिशेबानं त्याची सरासरी काढताच येत नाही, म्हणजे ती ब्रॅडमनपेक्षाही वर धरावी, असा एक विचार सध्या बाकड्यावर चालू आहे.

हे लिहून होईपर्यंतच्या यादीत तेरा नावं आहेत आणि गावसकरांच्या जोडीदाराची जागा रिकामीच आहे. ज्या वाचकांना आपला खेळाडू आत घालायचा असेल त्यांनी सकाळी आठच्या सुमारास लकडगंजात यावं, मात्र कोणाला काढायचं हेही ठरवून यावं. सी. के. नायडूंना हात लावणाऱ्याला पोहे मिळतील, तर्री मिळणार नाही.