नळी आणि चिंधी

बंदूक चालवायला शिकायला थोडे दिवस पुरतात, ती पुसायला शिकण्यात सगळी नोकरी जाते. निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या कुठल्याही पेन्शनर फौजीला विचारा, तो हेच सांगेल. न विचारताही सांगेल. गाडीत शेजारी बसला, तर संकेश्वर येईपर्यंत नळी साफ होते आणि हत्तरगीला तेल लागतं.

एवढे फौजी इथे कुठून आले, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. रेजिमेंट त्याहून कितीतरी जुनी. तिची पहिली पलटण 1768 ची, तिला जंगी पलटण म्हणतात. मध्यंतरी राज्यं बदलली, पाट्या बदलल्या, 2014 साली बेळगावचं बेळगावी झालं. उस्तादाचं ओरडणं तेवढं पहिल्यापासून हिंदीतच आहे, त्यावर कुणाचा दावा नाही.

आमच्या गल्लीतले सुभेदारआप्पा याच केंद्रात घडले. नळीच्या साफसफाईवरून एकदा अख्खं इंग्रजी राज्य हललं होतं, असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “हलणारच की.” गोष्ट खरी आहे. काळ्या दारूची काजळी नळीत साचायची, काही बारांनंतर पुढची गोळी ठासून आत उतरायची नाही. 1853 च्या एनफिल्डच्या नळीत तर आतून पिळाच्या खाचा. काजळी मऊ राहावी आणि गोळी सरकत जावी, म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलं. ते गाईच्या आणि डुकराच्या चरबीचं असल्याचा बोभाटा झाला, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या बाजूला 31 जुलै 1857 ला कोल्हापुरात 27 वी मुंबई पलटण उठली आणि बेळगावच्या साहेबांची झोप उडाली. आप्पांचं यावर स्वतंत्र मत आहे. “चरबी कशाला पाहिजे होती? दर बाराला ओली चिंधी फिरवायची. इंग्रज अजून कॅम्पात दिसले असते.” इतिहासाच्या प्राध्यापकांनी हे लिहून घ्यायला हरकत नाही.

पुढे .303 आली, धूर गेला, पण कटकट गेली नाही. काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचा क्षार नळीत बसायचा. तो मिठाच्या जातीचा, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारा. आणि बेळगावच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय? तेलात हा क्षार विरघळत नाही. वरून कितीही तेल चोपडा, खाली गंज निवांत आपलं काम करत राहतो. म्हणून चांदमारीवरून आलं की आधी नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतायचं. पाण्यात क्षार निघून जातो आणि तापलेली नळी आपोआप सुकते. त्यानंतर तेल. आप्पांना शिकवणाऱ्या उस्तादांचा हात .303 वर बसलेला होता, त्यामुळे हे सगळं त्यांनी आप्पांच्या डोक्यात ठासून भरलं. तोंडाकडूनच भरलं असणार, कारण पुन्हा काही बाहेर निघालं नाही.

त्या रायफलच्या दस्त्याच्या बुडाला पितळी झाकण असे. उघडलं की आत तेलाची चिमुकली बाटली आणि गुंडाळलेली दोरी. इंग्रजांची पुल-थ्रू, बरॅकीतली फुलथरू. तिच्या एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाला फासे. फाशात चिंधी अडकवायची. पुसायची चिंधी चार इंच बाय दोन, तेलाची अर्धा इंच अरुंद. सरकारने चिंधीचंसुद्धा माप ठरवलेलं. बोल्ट काढायचा, वजन मागच्या तोंडातून आत सोडायचं, पुढून लोंबायला लागलं की दोरी मुठीला वेढून एका दमात ओढायची. मध्ये थांबलात तर चिंधी अडकते, आणि चिंधी अडकली की तुम्हीही अडकता. दोरी ओढायची तीही नाकासमोर सरळ. नळीच्या ओठाला घासत राहिली तर सुती दोरीसुद्धा पोलाद झिजवते, मग गोळी कुठे जाईल ते ती गोळीच जाणे.

निपाणीच्या म्हाताऱ्यांना यातलं काही नवं वाटत नाही. तंबाखूच्या गावात चिलीम ओढून झाली की खडा काढून आतून अशीच चिंधी ओढतात. फक्त चिलमीची तपासणी होत नाही.

तपासणी हा खरा प्रसंग. नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं. नखावरचा उजेड आत जातो आणि पुढून एक डोळा लावला की पिळाच्या खाचा गोल फिरत गेलेल्या चमकताना दिसतात. रंगरुटाला तिथे चकचकाट दिसतो. उस्तादाला त्याच नळीत दुसरंच काही दिसतं. “यहाँ क्या हाथी बाँधा है?” की पुन्हा चिंधी. हत्ती कुणालाच दिसायचा नाही, पण तिसऱ्या चिंधीवरही काळा डाग यायचा हे मात्र खरं. माझा अंदाज असा, की डाग काढण्यापेक्षा संध्याकाळी पोरांचे हात रिकामे राहू नयेत, ही त्यामागची मूळ योजना असावी. आप्पांना हा अंदाज मान्य नाही.

आता आप्पांकडे परवान्याची बारा बोरची एकनळी आहे, उसातल्या रानडुकरांसाठी घेतलेली. डुकरांना ती कधीच लागलेली नाही. नळी आतून गुळगुळीत, एकही खाच नाही, त्यामुळे आप्पांच्या लेखी ती बंदूक नव्हेच, नुसता पाइप. तरी दर रविवारी गज निघतो, तेल निघतं. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. आचारसंहिता संपल्यावर घरी आली की आप्पा आधी नळीला डोळा लावतात आणि मग आठवडाभर लोकशाहीवर बोलतात.

सगळ्यात मोठी अडचण चिंधीची. पलटणीतलं फ्लॅनेल इथे कुठून मिळणार? जुनं, पुष्कळदा धुतलेलं, मऊ सुती कापडच लागतं. आप्पांची स्वतःची धोतरं केव्हाच संपली. खंडेनवमीला बंदुकीची पूजा होते, हळदकुंकू, अक्षता, झेंडू, सगळं तिच्या सांध्यासांध्यांत जातं, म्हणून दसऱ्याला सोनं वाटून आले की आप्पा कापड शोधत घरभर फिरतात. यंदा कपाटापाशी घुटमळताना काकूंनी धरलं.

“काय शोधूलाय?”

“काही नाही. बघूलोय आपलं.”

“नातवाची दुपटी मोजून ठेवल्यात मी. आणि नुसती मोजली नाहीत, मापं घेतल्यात. चार इंच बाय दोन गेलं तरी कळतंय मला.”

आप्पांनी कपाट लावलं. म्हणाले, “हवालदार व्हायला पाहिजे होतीस तू.”

“उशीची खोळ पण नाही मिळायची,” काकू म्हणाल्या.