आप्पांचा मुकेश

भडगावातले एक आप्पा सध्या अस्वस्थ आहेत. कपाशीचा भाव पडला तेव्हाही ते एवढे अस्वस्थ झाले नव्हते. त्याची सवय होती. पण नव्वदच्या दशकात ज्या मुकेशला बांधावर टेप ठेवून ऐकताना त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, तो मुकेश नव्हताच, असं नातवाने पुराव्यानिशी सिद्ध केलं. 'मुकेश की यादें' या कॅसेटवर गायकाचं नाव स्वच्छ छापलेलं होतं: बबला मेहता. बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षर दोनदा वाचणाऱ्या आप्पांनी ते तीस वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं.

"काय सांगस भो! मंग मी रडनू कोनासाठे?"

यात बबला मेहतांचा काहीच दोष नाही. जुनी गाणी एचएमव्हीच्या तिजोरीत होती. टी-सिरीजच्या गुलशन कुमारांनी तीच गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटी गावोगाव पोचवल्या. किशोरच्या आठवणी कुमार सानूकडे, रफीच्या सोनू निगमकडे, मुकेशच्या मेहतांकडे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तशी सोयच होती: मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की नोटीस द्या, रॉयल्टी भरा आणि गा. २०१२ साली दोनाची पाच वर्षं झाली, पण तोवर आप्पांचं रडून झालं होतं.

नातवाने मग खरा मुकेश लावला. आप्पांनी कडव्यापर्यंत ऐकलं, मान हलवली आणि निकाल दिला, "याले दम नही. हाऊ डुप्लिकेट शे."

बातमी चहाच्या टपरीवर पोचली आणि गावात ऑडिट सुरू झालं. 'शोले'तलं 'मेहबूबा' डेमिस रूसोस नावाच्या ग्रीक गायकाच्या गाण्यावरून उचललेलं निघालं. निवृत्त गुरुजींनी वर कडी केली: १९६१च्या 'छाया'तल्या 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा'ची चाल सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतून घेतली आहे, आणि ती सिंफनी १७८८ची. मोझार्ट भडगावात कोणाच्या ओळखीचा नसल्याने तो विषय तिथेच मिटला.

खरा भडका उडाला तो 'कोंबडी पळाली'वरून. २००६च्या 'जत्रा'तली आपली कोंबडी हिंदीवाल्यांनी पळवली आणि २०१२च्या 'अग्निपथ'मध्ये तिची 'चिकनी चमेली' केली, म्हणून मराठी अस्मिता टपरीवर उठून उभी राहिली. दोन्हीकडे संगीत अजय-अतुलचंच आहे हे कळल्यावर ती पुन्हा बाकावर बसली. घरमालकच आपला माल दुसऱ्या गावात विकत असेल, तर फिर्याद लिहून घ्यायची कोणाविरुद्ध? त्यात कॉलेजातल्या एका पोराने जाहीर केलं की मराठीवाल्यांनीच 'चिकनी चमेली' ढापली. त्याने आधी तीच ऐकली होती. सनावळी दाखवली, तर म्हणाला, तारखा एडिट करता येतात.

माझं मत विचाराल तर भडगावात अस्सल गाणं ठरवायची एकच पद्धत आहे: माणसाने स्वतःच्या वरातीत जे ऐकलं ते अस्सल, भाच्याच्या वरातीत वाजलं ते नक्कल. आणि खानदेशातल्या वरातीत बँड, डीजे आणि नवरदेवाचे मित्र मिळून जे करतात, त्यानंतर कोणत्याही गाण्याचा मूळ मालक स्वतःहून हक्क सांगायला येईल असं वाटत नाही. कायद्यानेही हे ओळखलं असावं. त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये धार्मिक विधींना जी सूट आहे, तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात चक्क शब्दांत लिहिली आहे. संसदेला बाकी काय माहीत असेल नसेल, वरात माहीत होती.

आप्पांच्या नातवाचं लग्न आता ठरलंय. सुपारी द्यायला आप्पा जातीने गेले आणि बँडमास्तरला बजावलं, "मुकेशची गाणी वाजवा, पण ओरिजनल पाहिजेत. बबला मेहतावाली."

मास्तरने वही काढली. "चालतील की आप्पा. पण ओरिजनलचे पाचशे जास्त पडतील."