गंजाची हौस

जर्मन टायगर रणगाडा मुळात सुमारे 57 टनांचा. 1/35 प्रमाणातल्या मॉडेलमध्ये तो नळीसकट जेमतेम 24 सेंटिमीटर. आमच्या एका मित्राने तो चार दिवसांत जोडला आणि गेले आठ महिने तो मळवतो आहे. आधी गंजाचा तपकिरी हात, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर पिवळट रंग. मग ओल्या ब्रशने घासघासून पोपडे काढायचे. (हेअरस्प्रेचा डबा कुठे गेला, हे वहिनींना अजून ठाऊक नाही.) सायलेन्सरला गंजाच्या तीन छटा. काडीएवढ्या फावड्याच्या दांड्याला लाकडाच्या शिरा, शिरांवर सैनिकाच्या तेलकट हाताचा डाग. बघायला भिंग लागतं.

खरे टायगर ऑगस्ट 1942 ते ऑगस्ट 1944 एवढ्याच काळात बनले, साडेतेराशेच्या आसपास. कित्येकांना गंजण्याइतकं आयुष्यच मिळालं नाही. हे सांगितलं तर म्हणाला, "चिखल बघ. कुर्स्कच्या लढाईतला आहे, जुलै 1943 चा." आता यावर काय बोलणार?

त्याच्या गॅलरीच्या ग्रिलला तीन पावसाळ्यांचा अस्सल गंज चढलाय, तोही फुकट. वहिनींनी रंगाचा डबा गेल्या दिवाळीत आणून ठेवलाय. त्याचं झाकण अजून उघडलेलं नाही.