डॉक्टरांची गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त असतात. विकायला आलेली दर दुसरी गाडी डॉक्टरांनीच वापरलेली असते, आणि त्या लेडी डॉक्टर असल्या की भाव आणखी चढतो.

2012 साली कोथरूडचे एक गृहस्थ अशीच एक होंडा सिटी बघायला निघाले. मॉडेल 2004 चं, पासिंग एमएच-02, म्हणजे अंधेरीचं, रनिंग फक्त 42 हजार. बरोबर ओळखीचा मेकॅनिक आणि न बोलावता आलेले मेव्हणे. गाड्यांतली मेव्हण्यांची जाणकारी टायरला लाथ मारण्यापुरती होती. ती त्यांनी पोचल्या पोचल्या मारून घेतली.

"हाफ सेलमध्ये सुरू होते," एजंट म्हणाला.

मेकॅनिकनं बॉनेटवर तळहात ठेवला. "होणारच. सकाळपासून तापवून ठेवलीय."

जुन्या इंजिनाची खरी बातमी कळते ती गार असताना. रात्रभर उभ्या गाडीनं पहिल्याच झटक्याला निळसर धूर सोडला, तर ती ऑइल पिते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट जळतोय. आधीच तापवून ठेवली की यातलं बरंच काही गिऱ्हाईक यायच्या आत हवेत विरून जातं.

त्यातून या सिटीची आणखी एक गंमत: सिलिंडर चार, स्पार्क प्लग आठ. पुढचे चार सहज हाती लागतात. मागच्या चारांसाठी वायपरखालचं पॅनेल उघडावं लागतं. मेकॅनिकनं ते उघडलं. पुढचे प्लग नवेकोरे, मागचे बहुधा कंपनीतून आले तेव्हाचे. पाहुणे येणार म्हणून नुसता दिवाणखाना झाडावा, तसा प्रकार.

मीटर 42 हजार सांगत होता, पण ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. या डॉक्टरीणबाई गाडी जागच्या जागी उभी करून दिवसभर नुसता ब्रेक दाबत असाव्यात! डिकीतल्या स्टेपनीवर 1104 हा आकडा होता, म्हणजे 2004 चा अकरावा आठवडा. ती बिचारी तेवढी खरं बोलत होती. कागदपत्रांत बँकेचा बोजा उतरलेला, विमा चालू. तिथे बोट ठेवायला जागा नव्हती.

शेवटी मेकॅनिकनं ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा पार टोकापर्यंत ओढून बाहेर काढला. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. सीटखालच्या रुळांवर गंज. गृहस्थांनी मनातल्या मनात हिशेब केला: 2004 ची गाडी, अंधेरीचं पासिंग, आणि 26 जुलै 2005 ला शेजारच्या सांताक्रूझला एका दिवसात पडलेला 944 मिलिमीटर पाऊस.

"डॉक्टर पोहायला जायच्या का हो?" मेव्हण्यांनी विचारलं. त्यांचा त्या दिवसातला एकमेव उपयोगी प्रश्न.

गृहस्थांनी पुढे एका कंत्राटदाराची सिटी घेतली. रनिंग 1 लाख 10 हजार, मागच्या सीटवर सिमेंटचे डाग, पण सर्व्हिसची बिलं पिशवीभर, आणि त्यांत आठही प्लगांचं एक. बघायला जायच्या आदल्या रात्री त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." तुम्हीही सांगा.

मेव्हण्यांनी तिच्याही टायरला लाथ मारली.