परवानाधारक दादा

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून कमरेला पिस्तूल लावून हिंडायला परवाना लागत नाही. शस्त्र बाळगायला कायद्याची मनाई नसावी, एवढंच. हे कळल्यावर दादांनी पहिला प्रश्न केला, "म्हणजे परीक्षाच नाही?"

ज्याला परीक्षा नाही, पासिंग नाही, सर्टिफिकेट नाही, असं काही माणसाला रीतसर करता येतं यावर दादांचा विश्वास नाही. सुदैवाने परवान्याची जुनी पद्धत रद्द झालेली नव्हती. धाकटे बुश राज्यपाल असताना १९९५ साली तो कायदा झाला. अजूनही ज्याला हवं त्याने वर्गाला बसावं, लेखी द्यावी, प्रात्यक्षिक द्यावं, चाळीस डॉलर भरावेत आणि परवाना घ्यावा. 'लेखी' आणि 'प्रात्यक्षिक' ऐकल्यावर दादांच्या जिवात जीव आला.

दादा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, ॲलन अशी गावं आहेत. तिथल्या कुठल्याही मराठी गणपतीत आरतीनंतर नजर फिरवा, एक तरी दादा दिसेल. पन्नाशीचं वय, सॉफ्टवेअरची नोकरी, पुढे आलेलं पोट आणि वाट पाहून पाहून मिळालेलं ग्रीन कार्ड. हे कार्ड इथे महत्त्वाचं. एच-वन-बी व्हिसावर असेपर्यंत केंद्रीय कायदा बंदूक हातात घेऊ देत नाही. शिकारीचा परवाना काढलेला असला तर मात्र सूट आहे. त्यामुळे अंडंसुद्धा न खाणारा एखादा गृहस्थ खिशात शिकारीचा परवाना घेऊन हिंडताना आढळू शकतो. दादा त्या पळवाटेने गेले नाहीत. ते रांगेत उभे राहिले. रांगेत उभं राहणं हा त्यांचा मूळ पिंड, पिस्तूल ही नंतरची हौस.

वर्ग चार ते सहा तासांचा असतो, असं कायदाच सांगतो. दादा वही, दोन पेनं, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन पहिल्या बाकावर. मागे कोण कोण बसलेलं असतं: नुकती घटस्फोटित नर्स, ट्रकवाला, नातवाने नाव घातलेल्या आजीबाई. लिहून घेणारे दादा एकटेच. इन्स्ट्रक्टरने जेफ कूपर नावाच्या मरीन अधिकाऱ्याचे चार नियम सांगितले. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. जे नष्ट करायची तयारी नाही त्यावर नळी रोखू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. आणि लक्ष्य काय आहे नि त्याच्या मागे काय आहे, ते ओळखा. दादांनी हात वर केला. "बंदूक रिकामी आहे असं आत्ताच पाहिलं असेल, तरी भरलेली समजायची?" हो. "आणि पुन्हा पाहिलं तर?" तरीही. "मग पाहायचं कशाला?" आजीबाईंनी मागून एक सुस्कारा सोडला.

खरा धक्का पुढे होता. कायद्याने या वर्गात भांडण न वाढवता मिटवण्याचा धडा घालून ठेवला आहे. इन्स्ट्रक्टर म्हणाला, ज्या दिवशी कमरेला पिस्तूल आलं त्या दिवशी तुमचा भांडायचा हक्क संपला. कुणी गाडी आडवी घातली, शिवी दिली, पार्किंग बळकावलं, की तुम्ही माफी मागायची आणि निघून जायचं. बेकरीपुढच्या पार्किंगवरून ज्यांनी तीन वेळा भांडण केलं आहे, त्या दादांनी पेन खाली ठेवलं. एवढे डॉलर भरून माघार शिकायला ते आले नव्हते.

लेखीत सत्तर टक्क्यांना पास. दादांनी आधीच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका मागितल्या होत्या. त्या नसतात म्हटल्यावर रात्री जागून स्वतःच एक सराव प्रश्नपत्रिका काढली. अर्थात शंभर पडले. उत्तरपत्रिका लॅमिनेट करून मिळेल का, अशी चौकशीही झाली.

प्रात्यक्षिक मात्र वेगळं प्रकरण. माणसाच्या आकाराचं काळं कागदी लक्ष्य, पन्नास गोळ्या: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरा यार्डांवरून दहा. अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर गुण हवेत. दादांनी निघताना घरी बजावलं होतं, की नेमबाज राही सरनोबत कोल्हापूरची आणि आपलं आजोळही कोल्हापूरचं. परीक्षेआधीच्या सरावात आजोळ काही उपयोगी पडेना. सगळ्या गोळ्या डावीकडे खाली. दादांनी पिस्तुलाला दोष दिला, मग चष्म्याला, मग टेक्सासच्या हवेला. इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही. त्याने मॅगझीनमध्ये गुपचूप एक खोटं काडतूस सारून दिलं.

दादांनी श्वास रोखला, चाप ओढला. खट्. बार झालाच नाही, तरी नळी चांगली वीतभर खाली झुकली, खांदे आखडले आणि दोन्ही डोळे मिटले. उजव्या हाताने झाडणाऱ्यांची गोळी डावीकडे खाली जाते, ती बहुधा अशी. दादा धक्क्याला घाबरत नव्हते, धक्का येणार या विचाराला घाबरत होते. मला यात नवल वाटलं नाही. नोकरी जाणार म्हणून ते दर दिवाळीला दचकतात, नोकरी तिथेच असते. पुढच्याच गोळीला शेजारच्या लेनमधली तापलेली पुंगळी उडून आजीबाईंच्या कॉलरमधून पाठीत गेली. त्या हलल्यासुद्धा नाहीत. पिस्तूल समोरच धरून, गोळ्या संपवून, खाली ठेवून मग त्यांनी पाठ झटकली. परीक्षेत त्यांना दोनशे सेहेचाळीस मिळाले. दादा एकशे एक्क्याऐंशीवर पास झाले आणि फेरतपासणीचा अर्ज कुठे करायचा, हे विचारून घरी आले.

परवाना आला, पिस्तूल आलं आणि लपवायचा प्रश्न उभा राहिला. कमरेवरची जागा घड्याळाच्या काट्यांवर सांगतात: बेंबी बारा, उजवी कड तीन. तरुण पोरं एक वाजता लावतात. दादांच्या एक वाजता पोट असतं. शेवटी साडेचारवर तडजोड झाली, सदरे एक माप मोठे आले, आणि दादा ते जानव्यासारखं दर दोन मिनिटांनी चाचपून पाहू लागले. वर्गात नेमकं हेच करू नका म्हणून सांगितलं होतं. पण त्याने फारसं बिघडलं नाही, कारण तोवर दादांनी स्वतःच बातमी फोडली होती. "कुणाला सांगू नका हं," असं ते निदान चाळीस जणांना म्हणाले असतील. ज्यांना आधीच ठाऊक होतं, त्यांना दुसऱ्यांदा.

शिवाय न्यायचं कुठे? ऑफिसात बंदी. मुलांच्या शाळेत कायद्याने बंदी. दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये इंच-इंच उंचीच्या अक्षरांत पाटी असली, की तिथेही बंदी; दादा आता दुकानात शिरण्याआधी दार वाचतात. उरतो पेट्रोल पंप. रस्त्यावर कुणी आडवं आलं तर दादा खरोखरच हात जोडून वाट देतात. मंडळाची सर्वसाधारण सभा मात्र शाळेच्या हॉलमध्ये असते. पिस्तूल गाडीत कुलपात राहतं, दादा निःशस्त्र आत येतात आणि श्रीखंडाच्या बिलावरून पूर्वीसारखेच मोकळेपणाने भांडतात.

यंदा खंडेनवमीला दादांनी पाटावर स्क्रू-ड्रायव्हर, लॅपटॉपचा चार्जर आणि पिस्तूल मांडलं. मॅगझीन काढलेलं, स्लाइड मागे ओढलेली. तरीही पहिला नियम: भरलेलंच समजा. मग नळी कुठे करायची? पूर्वेला शेजाऱ्यांचं घर, आणि इथल्या भिंती लाकूड नि जिप्समच्या, म्हणजे चौथा नियम आला. पश्चिमेला मुलीची खोली. दक्षिण नको म्हणून वहिनी अडून बसल्या. राहिली उत्तर, तिथे स्टुलावर दुसरा लॅपटॉप होता आणि त्यात पुण्याहून झूमवर आलेले गुरुजी संकल्प सांगत होते.

"यजमान, ते जरा तिकडे फिरवता का?"

"गुरुजी, रिकामं आहे. दोनदा पाहिलंय."

"अहो, पहिला नियम काय?" वहिनी म्हणाल्या.

गुरुजी खुर्चीसकट बाजूला सरकले. पुढचा सगळा मंत्र पडद्यावरच्या रिकाम्या भिंतीतून आला, आणि दादांनी हळद कुठे लावायची ते विचारून घेतलं, कारण स्लाइडमध्ये गेली तर वॉरंटी जाते.