वरची, समोरची, काचेजवळची

बाबा प्रवासावर लिहितात. ‘दोन दिवसांत म्हैसूर’, ‘मुलांसह जयपूर’ अशा लेखांवर आपलं घर चालतं असा त्यांचा समज आहे. घर चालतं आईच्या बँकेतल्या नोकरीवर. तरीही सहा वर्षांच्या चिरंजीवाला शनिवार-रविवार मुंबई दाखवायची ठरली, तेव्हा नियोजन बाबांकडेच गेलं. म्हणजे त्यांनी ते कोणी काही बोलायच्या आत उचललं.

संगणकावर तक्ता तयार झाला. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने. वारसास्थळं पिवळी, खाणं केशरी, शू-शी निळी. फाइलचं नाव ‘मुंबई अंतिम’. तिच्यातून ‘मुंबई अंतिम सुधारित’ निघाली आणि तिच्यातून ‘मुंबई अंतिम सुधारित, हीच उघडा’. निळे रकाने वाढवा, एवढंच आई म्हणाली. आजींच्या नावाचा रकाना कुठेच नव्हता. त्या गिरगावात वाढलेल्या, त्यांना मुंबई काय दाखवायची, हा बाबांचा युक्तिवाद. “मग मला नेतोस कशाला? पिशव्या राखायला?” हा आजींचा.

जायचं डेक्कन क्वीनने, यावर मात्र घरात एकमत झालं. 1 जून 1930 ला सुरू झालेली ही गाडी आधी फक्त आठवड्याअखेरीसच धावायची, तेव्हा शनिवार-रविवारची सहल हीच तिची मूळ नोकरी. सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटायचं, डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसून ऑम्लेट खायचं. तिकिटं काढताना आजींनी “त्याचं अर्धंच काढ, तो कुठे एवढा दिसतो” म्हणून पाहिलं. पाच वर्षांपुढच्या मुलाला स्वतःची जागा हवी असेल, तर 2016 पासून पूर्ण तिकीट पडतं. मांडीवर घेऊ, असं आजी म्हणाल्या. चिरंजीवाने मांडीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि पूर्ण तिकिटाच्या बाजूने मत दिलं.

सगळं ठरल्यावर बाबांना आठवलं की ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला काय बघायचंय हे विचारायचं राहिलंय. विचारलं.

“डबलडेकर. वरची. समोरची. काचेजवळची.”

बाबांनी उदार मनाने एक रकाना दिला: शनिवार, 11.00 ते 11.15.

बाबांच्या मनातली डबलडेकर म्हणजे लाल, खडखडणारी, उघड्या खिडक्यांतून वारा अंगावर घेणारी. मुंबईत दुमजली बस आली 1937 मध्ये, आणि त्या जुन्या जातीतली शेवटची बस 15 सप्टेंबर 2023 ला आगरकर चौकातून सीप्झला गेली. लोक तिला निरोप द्यायला जमले होते. आता ज्या धावतात त्या विजेवरच्या, वातानुकूलित. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यातली पहिली सीएसएमटी ते एनसीपीए या मार्गावर सुरू झाली. चिरंजीवाला वाऱ्याचं काही नव्हतं. त्याला काच हवी होती. वरच्या मजल्यावर ड्रायव्हर नसतो, म्हणजे तिथे बसणारा ड्रायव्हर आपणच, हे त्याचं गणित कोणालाही खोडता आलं नाही.

शनिवारी सीएसएमटीबाहेर बस आली, चौघं चढले, वर पोचले. पुढच्या जागा भरलेल्या. बाबा मागच्या रांगेत बसून “इथूनही छान दिसतं हं” म्हणाले. चिरंजीवाने इथून काय दिसतं ते सांगितलं: एका काकांचं टक्कल. माहिती बिनचूक होती. एनसीपीएला सगळे उतरले. परतीच्या बसमध्ये पुढे कॉलेजातली एक जोडी होती आणि ती समोरच्या काचेतून काहीही बघत नव्हती. तेवढ्यात म्युझियमचा पिवळा रकाना उलटून गेला.

मग डावपेच सुरू झाले. या नव्या बसला दोन दारं आणि दोन जिने आहेत. बाबा पुढच्या जिन्याने धावतील, आई मागच्या, आजी खाली चिरंजीवाला धरून उभ्या राहतील, जो आधी पोचेल तो रुमाल टाकेल. बाबा पोचले, पण त्यांच्या आधी एका शाळकरी मुलीची सॅक पोचली होती. पुढच्या वेळी आई पोचली, रुमाल पडला. पण बाबा खालच्या दारात सुटे पैसे शोधत राहिले, आजी त्यांच्यामागे अडकल्या आणि चिरंजीव फुटपाथवर. आई रिकाम्या जागा सोडून खाली आली. तिने बाबांकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला तक्त्यात रंग नव्हता.

दुपारी समोर साताऱ्याकडचे एक काका सापडले. फोन काचेला लावून ते गावाकडच्या नातवाला मुंबई दाखवत होते. “बघ, बघ, आपण वर, गाड्या खाली!” त्यांना उठवायचं कोणत्या तोंडाने? चिरंजीव त्यांच्या खांद्यामागे उभा राहून फोनमधल्या मुलाला हात हलवत राहिला. त्याने हलवला, तिकडून त्यानेही हलवला. बराच वेळ दोघांचं हेच चाललं होतं.

गेटवे बघितला. गेटवेला गर्दी होती.

हॉटेलात सहा वर्षांच्या मुलाच्या जादा गादीचे वेगळे पैसे सांगितले. ‘कुटुंबासाठी खास’ असं जाहिरातीत लिहायचं आणि कुटुंब दारात आलं की माणसागणिक मोजायला बसायचं, हा धंदा सगळ्या शहरांत सारखाच चालतो. त्यावर चिडलंच पाहिजे. बाबा चिडले, पैसे दिले, आणि चिरंजीव रात्रभर आईच्या अंगावर पाय टाकून झोपला. गादीवर पिशव्या झोपल्या.

रविवारी सकाळचा रकाना राणीबागेचा होता. आजींनी तक्ता मागून घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. “आधी बस,” म्हणाल्या, “पेंग्विन कुठे जात नाहीत.” सीएसएमटीसमोर, जिथून बस सुटते तिथे, रांगेत पहिला नंबर त्यांचा होता. दार उघडल्यावर आजी गुडघ्याला हात लावून पण कोणालाही पुढे न जाऊ देता जिना चढल्या. जागा रिकाम्या होत्या. चिरंजीव काचेला नाक लावून बसला, शेजारी आजी.

बस हलली तशी बोरीबंदरची इमारत बाजूला सरकली. आजी त्या स्टेशनला बोरीबंदरच म्हणतात. 31 मार्च 1964 च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम इथूनच दादरला गेली. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या, वडिलांबरोबर आल्या होत्या.

“तू पुढे बसलीस?”

“गर्दी होती. जागाच नाही मिळाली.”

“मग परत रांग का नाही लावलीस?”

“परत ट्रामच नव्हती रे.”

चिरंजीवाने थोडा विचार केला आणि सरकून काचेची अर्धी बाजू आजींना दिली. मागच्या रांगेत बाबांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं होतं, ते लिहायचं थांबले. मग आईने त्यांना तिकिटं सांभाळायला सांगितलं.

शेवटी राणीबागही झाली. हंबोल्ट पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुंबईत ते 2016 मध्ये सोलहून आले आणि लोकांना पुढच्या वर्षी मार्चमध्ये दिसू लागले. त्यांच्या काचेच्या घरातला गारवा रविवारच्या गर्दीला एवढा आवडतो की काही माणसं पेंग्विनांकडे पाठ करून उभी असतात. पेंग्विनही उभे होते. चिरंजीवाने त्यांना पाहिलं आणि त्यांच्याकडे दुमजली बस आहे का, असं विचारलं. सीएसएमटीसमोरच्या ‘आराम’मध्ये वडापाव खाऊन मंडळींनी पाच-दहाची डेक्कन क्वीन धरली. घाट यायच्या आत सगळे झोपले होते. बाबाही.

मुलांना घेऊन मुंबईला निघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: राणीबाग बुधवारी बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी. डबलडेकरसाठी मधल्या थांब्यावर उभं राहू नका, जिथून सुटते तिथेच चढा आणि कोण कुठल्या जिन्याने जाणार हे दार उघडण्याआधी ठरवा. सुटे पैसे हातात ठेवा. आणि समोर साताऱ्याकडचे काका फोन लावून बसले असतील तर त्यांना उठवू नका, पुढची बस धरा.